परवाना अडला तर: चॅम्पियन्स पोर्टल की सेवा हक्काचं अपील?

भांडुपला फरसाणाचा छोटा कारखाना चालवणाऱ्या मामेभावाने विचारलं, परवाना लटकलाय, दाद कुठे मागू?

चॅम्पियन्स पोर्टल म्हणजे छोट्या उद्योगांच्या तक्रारींसाठीचं केंद्र सरकारचं संकेतस्थळ, 2020 पासूनचं. तक्रार फुकट, घरबसल्या. साकीनाक्याच्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कार्यालयात जाऊन बोलताही येतं. पण ते पाठपुरावा करतात, स्थानिक खात्याला हुकूम सोडू शकत नाहीत.

महाराष्ट्राच्या 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याला जास्त धार आहे. मुदत टळली की 30 दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, शेवटी सेवा हक्क आयोग. दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड. मात्र सेवा अधिसूचित (कायद्याखाली सरकारने जाहीर केलेल्या यादीतली) हवी आणि अर्जाची पोच जपलेली. (आमचं घोडं इथेच अडलं!)

नुसता उशीर असेल तर अपील. नियमच जाचक असेल, किंवा दोन खाती एकमेकांकडे बोट दाखवत असतील, तर पोर्टल.