ॲनाटॉमी: एकट्याने फ्लॅशकार्ड की गटात चित्रांचा खेळ?
परीक्षा तोंडावर आलेल्या एका ज्युनिअरचा हा प्रश्न. वेळेच्या हिशेबात कार्डं सरळ जिंकतात. खेळाला तीन-चार डोकी आणि मोकळा तास लागतो.

पण ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं घ्या. त्याचे टप्पे क्रमाने: ५ रूट, ३ ट्रंक, ६ डिव्हिजन, ३ कॉर्ड. कार्डावर आकडे पाठ होतात, कोण कुठून निघून कुणाला मिळतं ते नाही. गटात एकाने रूट काढले, पुढच्याने ट्रंक जोडले, की चुकलेली रेघ तिथेच पकडली जाते. (चित्रकला वाईट असली तरी बिघडत नाही.) सगळेच चुकले तर मात्र चूकच पक्की होते, म्हणून ॲटलास (शरीररचनेच्या चित्रांचं पुस्तक) शेजारी हवा.

मनगटाच्या ८ हाडांची, १२ क्रेनियल नर्व्हची (मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या जोड्यांची) नावं? कार्डं पुरेत. मार्ग आणि फाटे अडत असतील तर फळा आणि मित्र गाठा.