सुताच्या बिलाचे ४,८६,२५० रुपये चोराच्या खात्यात, कारखानदारांनो जपून

आमचा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. सूत तमिळनाडूच्या एका मिलकडनं येतं, बिल मेलवर, पेमेंट आरटीजीएसनं, कित्येक वर्षं असंच चाललंय, कधी एक पैसा इकडचा तिकडं झाला नाही. या वेळी ४,८६,२५० रुपये गेले आणि मिलला त्यातला रुपया पोचला नाही.

आधीच सांगून ठेवतो, ओटीपी कुणाला दिला नाही, कसलं ॲप घेतलं नाही, लिंक दाबली नाही. तेवढं कळतं आम्हाला. मेलमध्ये कुणीतरी आधीपासनंच बसून होतं, आमच्या मेलमध्ये की मिलच्या, ते आम्ही दोघं अजून एकमेकांवर ढकलतोय. त्यामुळं सुताचा काउंट (जाडी-बारीकपणाचा नंबर) कुठला, माल किती, गाडी कधी सुटली, सगळं त्याला पाठ. बिल बघाल तर तोच नंबर, तोच शिक्का, तीच सही, फक्त खाली बँकेच्या चार ओळी बदललेल्या. आता मोठं करून बघितलं की त्या चार ओळींचा फॉन्ट जरा जाड दिसतो. आणि मेल आयडीत 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी. मोबाईलवर ओळखून दाखवा मला कुणीतरी.

ज्याचा खरा संताप येतो ते पुढंच आहे. नेटबँकिंगला नवीन खातं ॲड करताना आता समोरच्याचं नाव दिसतं, रिझर्व्ह बँकेनं आरटीजीएस-एनईएफटीला ही सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यायला सांगितली होती बँकांना. हिशोब बघणारा पोरगा म्हणाला, "मालक, इथं मिलचं नाव येईना, कायतर एंटरप्रायजेस येतंय, करू का?" नाव डोळ्यासमोर होतं ओ! पण मेलमध्ये त्या भामट्यानं आधीच लिहून ठेवलेलं, ऑडिटमुळं जुनं खातं बंद आहे, पैसे सिस्टर कन्सर्नला, म्हणजे आमच्याच दुसऱ्या फर्मला टाका. आता तुम्हीच सांगा, बिल एका फर्मचं आणि पैसे भावाच्या फर्मला, निम्मा बाजार असाच चालतो की नाही? त्यात आधीचं पेमेंट गेल्याशिवाय पुढची गाडी सुटणार नव्हती, सूत संपत आलेलं, कामगार विचारतायत. म्हणलं, कर.

मिलचा "पेमेंट कधी?" म्हणून फोन आला तेव्हा कळलं. खातं बदलल्याचा मेल आला की जुन्या, सेव्ह केलेल्या नंबरवर फोन लावायचा, मेलमधल्या नंबरवर नाही, तिथं तोच बसलेला असतो.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार घेतली, यूटीआर नंबर (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो) हाताशी ठेवा, पहिला तोच विचारतात. पण तोवर पैसे पुढं चार खात्यांत पांगलेले, ३८,४०० तेवढे होल्ड झाले. मग सुरू झाला खरा तमाशा. पोलीस ठाण्यात म्हणतात सायबरला जा, सायबरवाले म्हणतात बँकेचं पत्र आणा, बँकेचा साहेब मान वर न करता म्हणतो, "पैसे तुम्हीच पाठवले ना?" अरे हो, मीच पाठवले, म्हणून तर आलोय! ज्या बँकेत चोराचं खातं, त्यांनी केवायसी कुणाची केली हे विचारलं तर ती गोपनीय माहिती म्हणे. चोराची गोपनीयता जपतात आणि आमच्याकडनं आधारची झेरॉक्स दरवेळी नवीन. हातात काय, तर ऑनलाइन तक्रारीचा नंबर. एफआयआर नाही. सीए म्हणतो नुकसान खात्यात दाखवायचं तर एफआयआर पाहिजे.

मिलला परत तेवढेच पैसे द्यावे लागले, त्यांचा तरी काय दोष. सीसी लिमिट, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाची मर्यादा, संपलेलं म्हणून बाहेरनं दोन टक्क्यानं उचलले, म्हणजे महिन्याला ९,७२५ नुसतं व्याज. एका टॉवेलमागं पाच रुपये सुटतात धरले तरी ९७,२५० टॉवेल फुकट विणायचे, व्याज वेगळंच. निम्मे माग बंद ठेवलेत, त्या मागांवरचे कामगार दुसरीकडं गेले, ते काय परत येतात?

मेलच्या सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्डिंग (आलेला मेल आपोआप दुसरीकडं पाठवायची सोय) बघा, भलताच पत्ता टाकलेला असला तर पासवर्ड बदलूनही उपयोग नाही. नव्या खात्यात आधी एक रुपया टाका आणि आपल्या ओळखीच्या माणसाकडनं फोनवर "आला" असं ऐका. पेमेंट करणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा ठेवा, आणि पोरानं शंका काढली तर त्याच्यावर खेकसू नका.

होल्ड झालेले ३८,४०० सोडवायचे आहेत. वकिलानं फी सांगितली १५,०००. सोलापुरात कुणी असे पैसे सोडवून घेतले असतील तर अर्ज नेमका कसा केला तेवढं सांगा.