नाशिकमध्ये 'पझेशनपर्यंत दरमहा भाडं' सांगून ऑफिसं विकतायत, चेक द्यायच्या आधी हे वाचा

लांबलचक झालंय पण पूर्ण वाचा, आणि घरात कोणी नुकतंच रिटायर झालं असेल, फंड-ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत पडून असतील तर नक्कीच वाचा, कारण या लोकांना नेमकं तेच गिऱ्हाईक हवं असतं. २०२७ च्या सिंहस्थाच्या नावावर आता परत पत्रकं वाटायला सुरुवात झालीये. कॉलेज रोड, गंगापूर रोड, शरणपूर रोड, कुठेही बघा, जुना बंगला पाडून खाली दुकानं, मधे ऑफिसं, वर फ्लॅट असा टॉवर उठतोय आणि बोर्डावर मोठ्या अक्षरात 'भाडं आजपासून सुरू'. सगळे बिल्डर असे नसतात हे मलाही माहितीये, आम्ही राहतो तो फ्लॅट नाशिकच्याच एका बिल्डरने वेळेत आणि चोख दिलाय. मी फक्त या एका स्कीमबद्दल बोलतेय.

माझे बाबा नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून रिटायर झाले. २०२१ मध्ये शहराच्या अगदी मधोमध होणाऱ्या एका टॉवरमध्ये त्यांनी ऑफिस बुक केलं. किंमत ३२ लाख, त्यातले २८ लाख लगेच भरायचे, बाकीचे ४ ताबा घेताना, आणि भरलेल्या रकमेवर महिन्याला १ टक्का 'भाडं' ताबा मिळेपर्यंत. म्हणजे २८ हजार, त्यातून १० टक्के टीडीएस कापून २५,२०० बाबांच्या खात्यात. त्या वर्षीच्या केंद्राच्या बजेटमध्ये नाशिकच्या मेट्रोला २,०९२ कोटी जाहीर झाले होते, त्या बातमीचं कात्रण सेल्स ऑफिसमध्ये लॅमिनेट करून टेबलावरच ठेवलेलं. "काका, मेट्रो समोरून जाणार, दोन वर्षात हेच ऑफिस तुमचं पन्नासला जाईल." आजपर्यंत त्या मेट्रोचा एक खांब उभा नाही. त्यांनी काही रक्कम रोखीत द्या म्हणूनही सांगितलं होतं, बाबांनी साफ नाही म्हटलं, सगळे पैसे चेकने दिले, आणि आज आमच्या हातात जे काही आहे ते त्याच्यामुळेच आहे.

कागद काय मिळाला तर शंभरच्या बाँडपेपरवर एमओयू (आपसातला लेखी करार, रजिस्टर न केलेला), नोटरीचा लाल शिक्का, बिल्डरच्या पार्टनरची सही आणि एक अलॉटमेंट लेटर. त्यावर 'ऑफिस नं. ७०४, सातवा मजला, सेलेबल ५२० स्क्वेअर फूट'. रजिस्टर अॅग्रीमेंटचं विचारलं की ठरलेलं उत्तर, "काका, आत्ता रजिस्टर केलं तर स्टॅम्प ड्युटी भरावी लागेल, पझेशनला एकदमच करू, तुमचेच पैसे वाचतील." ऐकायला किती काळजीचं वाटतं बघा. घर-ऑफिस घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी असलेल्या रेरा कायद्याचं कलम १३ सांगतं की रजिस्टर अॅग्रीमेंट केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त पैसे घेताच येत नाहीत. ३२ लाखांवर ती मर्यादा ३ लाख २० हजार होते. यांनी घेतले २८ लाख! आणि असं करणाऱ्या सेल्सवाल्यांना हे कलम माहीत नसतं असं समजू नका, ते त्यांना पाठ असतं, म्हणूनच स्टॅम्प ड्युटी वाचवायची गोष्ट इतक्या प्रेमाने सांगतात.

साधारण दीड वर्ष भाडं अगदी सात तारखेला यायचं. त्याच काळात बाबांच्या ओळखीतले अजून काही रिटायर लोक तिथे गेले, कारण बाबांना पैसे मिळतायत हे सगळ्यांना दिसत होतं, आणि बिल्डरला जाहिरातीवर खर्चही करावा लागला नाही. मग एक महिना उशीर, मग अर्धी रक्कम, मग "बँकेत अकाउंटचा इश्यू झालाय", मग फोन उचलणंच बंद.

खरा उलगडा झाला तो बाबांचं रिटर्न भरणाऱ्या सीए मॅडममुळे. त्यांनी फॉर्म २६एएस (आपल्या नावावर कोणी किती टॅक्स कापला त्याचा इन्कम टॅक्सचा तक्ता) काढला आणि विचारलं की तुम्ही या कंपनीला कर्ज दिलंय का. आम्ही म्हटलं नाही हो, ऑफिस घेतलंय, त्याचं भाडं येतं. तर त्यांनी स्क्रीनवर दाखवलं, टीडीएस कापलेला कलम १९४ए खाली. तेव्हाच्या कायद्यात भाड्यावरचा टीडीएस १९४आय खाली जायचा, १९४ए म्हणजे व्याज. म्हणजे बिल्डरच्या वहीत बाबा ऑफिस घेणारे नव्हतेच, बिल्डरने त्यांना उसने पैसे देणारा माणूस म्हणून लिहिलं होतं आणि तेही काही तारण न ठेवता. मग अजून एक गोष्ट लक्षात आली, बांधकाम चालू असलेल्या ऑफिसच्या हप्त्यावर जीएसटी लागतो, आमच्या एकाही पावतीवर जीएसटी नव्हता. "तो नंतर अॅडजस्ट करू" म्हणाले होते. विक्रीच दाखवली नाही तर जीएसटी कुठून येणार. ज्यांनी ज्यांनी अशा स्कीममध्ये पैसे टाकलेत त्यांनी आजच इन्कम टॅक्सच्या साइटवर जाऊन २६एएस उघडा, ते भाडं कुठल्या कलमाखाली दाखवलंय ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे आणि बिल्डरच्या मनात काय चाललंय ते त्या एका ओळीत कळतं.

त्यानंतर मी महारेराच्या (रेरा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या संस्थेच्या) साइटवर प्रोजेक्ट उघडला. ब्रोशरवरचा रेरा नंबर खरा होता, तेव्हा नाशिकचे नंबर पी ५१६ ने सुरू व्हायचे तसाच, आणि लोक नेमके इथेच थांबतात, नंबर आहे म्हणजे सगळं ठीक. आत जाऊन मंजूर मजले आणि मंजूर नकाशा बघायला लागतो. तिथे महापालिकेने मंजूर केलेले मजले पाच. सातवा मजला कुठेच नाही! पुढे टीडीआर (जादा बांधकामाचा हक्क) विकत घेऊन मजले वाढवायचा 'प्रस्ताव' होता फक्त. ज्या ७०४ चं बाबा दीड वर्ष भाडं घेत होते तो कागदावरसुद्धा नव्हता, आणि सेल्स ऑफिसमध्ये आम्हाला दाखवलेल्या नकाशात मात्र त्याला खिडक्या, टॉयलेट, कोपऱ्यात रिसेप्शन, सगळं काढलेलं. आणि ५२० सेलेबल म्हणजे कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) किती ते एमओयूत लिहिलंच नव्हतं, नकाशावरून मोजलं तर तीनशेच्याही आत येत होतं. रेरात व्यवहार कार्पेटवरच करायचा असतो, सेलेबल, सुपर बिल्टअप असले शब्द दिसले की तिथेच कार्पेट किती ते लेखी मागा.

आम्ही हे सगळं घेऊन गेलो तर ओरडाआरडा नाही, चहा मागवला, सॉरी म्हणाले, आणि म्हणाले की काका तुम्हाला तिसऱ्या मजल्यावर ३०२ देतो, तयार आहे, फक्त वरचे ६ लाख भरा. बाबा इतके थकले होते की ते तयार झालेले, पण त्या रात्री मी आयजीआर महाराष्ट्रच्या (दस्त नोंदणी खात्याच्या) साइटवर ई-सर्च केलं (फुकट आहे, जिल्हा, गाव आणि मिळकत नंबर टाकायचा, साइट रेंगाळते पण चालते) आणि इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या दस्ताचा उतारा) मध्ये ३०२ चं अॅग्रीमेंट वर्षभरापूर्वीच दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर रजिस्टर झालेलं निघालं. म्हणजे एकदा लुटून झाल्यावर परत ६ लाखांसाठी हात पुढे केला होता. मला राग पैशापेक्षा या गोष्टीचा जास्त येतो, समोर बसलेल्या ६३ वर्षांच्या माणसाला "काका पाणी घ्या" म्हणत म्हणत हे चाललेलं.

सध्या महारेरात तक्रार केलीये, फी ५,००० रुपये, ऑनलाइन होते. कलम १८ खाली व्याजासकट परतावा मागितलाय, व्याजाचा दर स्टेट बँकेच्या एमसीएलआरवर (बँकेच्या कर्जाच्या मूळ दरावर) आणखी २ टक्के असा नियमातच ठरलेला आहे. बिल्डरच्या वकिलाने पहिल्याच उत्तरात काय लिहिलं तर हे ग्राहक नाहीत, गुंतवणूकदार आहेत, दरमहा परतावा घेत होते, म्हणून रेरात येऊच शकत नाहीत. म्हणजे जे भाडं दाखवून ओढलं तेच आता आमच्या विरोधात पुरावा म्हणून वापरतायत. आमच्या वकिलांनी अलॉटमेंट लेटरवर भर दिलाय कारण त्यात ऑफिसचा नंबर, मजला आणि किंमत स्पष्ट आहे, आणि चेकच्या मागे बाबांनी स्वतः '७०४ च्या किमतीपोटी' असं लिहिलेलं. दुसऱ्या बाजूने एमपीआयडी म्हणजे ठेवीदारांच्या संरक्षणाच्या १९९९ च्या कायद्याखाली आर्थिक गुन्हे शाखेकडे सगळ्यांनी मिळून अर्ज दिलाय, कारण हे भाडं नसून ठेवीवरचं व्याजच होतं हे त्यांच्याच टीडीएसने सिद्ध होतंय. त्या कायद्यात मालमत्ता जप्त करता येते. रेराची ऑर्डर मिळाली तरी वसुली कलेक्टर ऑफिसमार्फत जमीन महसुलासारखी होते आणि त्याला वेळ लागतो, त्यामुळे फक्त ऑर्डरवर विसंबू नका असं वकिलांनी स्पष्ट सांगितलंय.

नवीन घेणाऱ्यांना माझं एकच सांगणं, अगदी हात जोडून. इमारत उभी नाही आणि भाडं चालू आहे तर ते भाडं कोण देतंय हे विचारा. भाडेकरू नाही, दुकान नाही, गिऱ्हाईक नाही, म्हणजे ते तुमच्याच किंवा तुमच्यानंतर आलेल्याच्या पैशातून येतंय. स्टॅम्प ड्युटी भरायला लागली तरी भरा, अॅग्रीमेंट रजिस्टर करा, ते होईपर्यंत १० टक्क्यांवर एक रुपया जास्त देऊ नका, आणि बिल्डर त्याला तयार नसेल तर उठून या.

आणि ज्यांचे पैसे आधीच अडकलेत त्यांच्यासाठी. आता बिल्डरची माणसं घरोघरी जाऊन 'कॅन्सलेशन डीड' वर सह्या घेतायत, बदल्यात पुढच्या तारखांचे चेक देतायत. मूळ एमओयू आणि अलॉटमेंट लेटर त्यांच्या हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. चेक घेतलाच असेल तर तो तारखेपासून ३ महिन्यांच्या आत बँकेत टाका, "आत्ता टाकू नका काका" म्हणून फोन आला तरी टाका. बाउन्स झाला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत वकिलाकडून लेखी नोटीस गेली पाहिजे, नोटीस मिळाल्यावर त्यांना १५ दिवस असतात, आणि तरी पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात केस दाखल करावी लागते. आमच्यातल्या एका काकूंची ३० दिवसांची मुदत फक्त "पुढच्या सोमवारी नक्की" या फोनवर निघून गेली.