ग्लुटेन-फ्री ब्रेड: ग्लुटेन नाही हे खरं, पण बाकीचं कोण वाचणार?

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण त्यांनी फसवाफसवी काही केलेली नाही, पाकिटावर जे आहे तेच आत आहे. तरी मी ५ पैकी २च स्टार देणार.

मला सिलिअ‍ॅक, म्हणजे गहू-बार्लीतल्या ग्लुटेन ह्या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा आजार, निघून सहा वर्षं झाली. ग्लुटेन-फ्री ब्रेड ज्यांनी खाल्लाय त्यांना माहितीये काय हाल असतात ते, स्लाइस उचलली की मधून तुटते, बटर लावायला गेलं की भुगा आणि मध्ये अंगठा जाईल एवढं भोक. ह्या ब्रेडची स्लाइस मी चक्क घडी घालून बघितली, तडा नाही! दाबून सोडली तर परत फुगून वर. नवरा म्हणाला, अगं नीट बघ, साधाच ब्रेड उचलून आणला नाहीस ना? मी घाबरून पाकीट परत तीनदा वाचलं.

मग काय, सकाळी २ स्लाइस, रात्री भूक लागली की अजून २. चौथ्या-पाचव्या दिवसापासून पोट असं फुगायला लागलं की संध्याकाळी पँटचं बटण काढून बसायची वेळ आली, मीटिंगमध्ये शेजारच्याला ऐकू जाईल इतकी गुडगुड आणि सकाळी दोन-तीनदा पळापळ. आता आपल्या डोक्यात पहिलं काय येणार, कुठूनतरी ग्लुटेन गेलं पोटात. कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची, ग्लुटेन-फ्रीसाठीची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लुटेन आहे, म्हणजे शून्य नाहीच ना, असं म्हणत दोन रात्री झोप नाही. टीटीजी ही सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी करून घेतली, नॉर्मल. डॉक्टर म्हणाले ह्याने शंभर टक्के खात्री होत नाही, थोडंसं चुकून गेलेलं ह्यात पकडलं जाईलच असं नाही. पण डाएटिशियन बाईंनी एकच प्रश्न विचारला, ग्लुटेन राहू द्या, आत दुसरं काय काय आहे ते वाचलंत का?

नव्हतं वाचलं. सहा वर्षं मी गहू, बार्ली, राय, माल्ट एवढे चार शब्द शोधायचे आणि नाही दिसले की पाकीट थेट बास्केटमध्ये. ह्यावेळी फोनचा कॅमेरा झूम करून ती मुंगीएवढी अक्षरं वाचली: झँथन गम म्हणजे ई ४१५, एचपीएमसी (हाही गमसारखाच घट्टपणा देणारा) म्हणजे ई ४६४, तेल-पाणी एकजीव करणारा इमल्सिफायर ई ४७१, बुरशी लागू नये म्हणून ई २८२ आणि चिकोरी रूट फायबर. हे शेवटचं म्हणजे इन्युलिन, नाव वाचून काय हेल्दी वाटतं नाही!

घडी घातली तरी न तुटणाऱ्या स्लाइसचं रहस्य हेच. ग्लुटेन पिठाला ताण देतं, आतला गॅस धरून ठेवतं, ते काढलं की पीठ नुसतं सरसरीत होतं, मग ते काम गम करतात. झँथन गम हा एका बॅक्टेरियाकडून साखर आंबवून घेतलेला चिकट पदार्थ, लहान आतड्यात पचत नाही, तसाच खाली जातो. इन्युलिनचं तेच, फक्त खालचे बॅक्टेरिया त्यावर तुटून पडतात आणि गॅस करतात. आणि गंमत बघा, इन्युलिन हा फ्रुक्टनचा, म्हणजे आपल्याला न पचणाऱ्या एका कार्बचा, प्रकार आणि गव्हातही फ्रुक्टन असतंच, म्हणजे पुढच्या दाराने गहू घालवला आणि मागच्या दाराने त्याचा चुलतभाऊ आत घेतला.

दोन आठवडे ब्रेड बंद केला, पोट जागेवर. परत सुरू केला, तिसऱ्या दिवशी तेच. मग दुसरा एक आणला ज्यात गम आहेत पण चिकोरी नाही, त्याने त्रास निम्म्याहून कमी, आणि तोही ३-४ स्लाइस खाल्ल्या तरच. म्हणजे माझ्यापुरता मेन आरोपी इन्युलिन, गम साथीदार. ह्याने आतड्याला सिलिअ‍ॅकसारखी इजा होत नाही, त्रास मात्र सेम टू सेम वाटतो, म्हणून घरबसल्या "मला गमच बाधतो" असं ठरवून टेस्ट टाळू नका हं, खरंच ग्लुटेन जात असेल तर महागात पडेल. ताजं निदान असेल तर दुधातली साखर पचत नाही हेही एक कारण असतं. आणि उंदरांवरचे इमल्सिफायरचे प्रयोग फॉरवर्ड करून लगेच घाबरवू पण नका, ते मुख्यतः पॉलिसॉर्बेट ८० आणि सीएमसी ह्या दोन इमल्सिफायरवर होते, ह्या ब्रेडमध्ये दोन्ही नाहीत.

कंपनीला मेल केला की एका स्लाइसमध्ये इन्युलिन किती ग्रॅम? उत्तर आलं, आमचा ब्रेड फायबरयुक्त असून पचनासाठी उत्तम आहे. धन्य!

दोन स्टार चवीला आणि त्या घडीला. पोट दणकट असेल तर घ्या, फक्त पहिल्या दिवशी एकच स्लाइस खा आणि दुसऱ्या दिवशी सकाळची मीटिंग ठेवू नका.