घरीच बनवलेला आयसोलेटेड इनपुट बोर्ड, नऊ महिन्यांनंतर: एक पावसाळा आणि एक वीज झेलून

फेब्रुवारीत गोव्यातल्या सावईवेऱ्याच्या आमच्या कुळागरात, म्हणजे माड-पोफळींच्या बागेत, हा बोर्ड बसवला, आता दिवाळी झाली. बाहेरच्या जास्त व्होल्टेजचे सिग्नल कंट्रोलरला थेट वायर न जोडता पोचवणं हे त्याचं काम. पूर्ण पावसाळा त्याने काढला म्हणून आता लिहितोय, दोन आठवड्यांच्या वापरावर लिहिण्यात काही अर्थ नव्हता.

गरज अशी की ईएसपी३२ ला, म्हणजे पंप सांभाळणाऱ्या छोट्या कंट्रोलर चिपला, तीन गोष्टी कळायला हव्यात. वरच्या टाकीचा फ्लोट स्विच, म्हणजे टाकी भरली की नाही ते सांगणारा तरंगता स्विच, तो सोलरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालतो म्हणजे ढगाळ दिवशी ११ आणि ऊन असलं की १४.४. दुसरं पंपाच्या पॅनलमधला कॉन्टॅक्टर, म्हणजे पंप चालू-बंद करणारा मोठा स्विच, चालू आहे का, तिथे २४ व्होल्ट. आणि तिसरं घरच्या इन्व्हर्टरची ४८ व्होल्टची बॅटरी बँक, जी चार्जिंगला ५७ च्या वर जाते. ईएसपी३२ ला पाहिजे फक्त ३.३, त्याच्यावर गेलं की पिन संपली.

आधी बाजारातलं तयार ऑप्टोकपलर मॉड्यूल लावलेलं. ऑप्टोकपलर म्हणजे आत एलईडी आणि तिचा उजेड ओळखणारा ट्रान्झिस्टर, सिग्नल उजेडाने जातो, वायरीने नाही. त्यात पीसी८१७ हा ऑप्टो आणि एकच रेझिस्टर, २४ साठी ठरवलेला, म्हणून १२ वर सिग्नल कधी येई कधी नाही. पण खरा राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे, दोन्ही बाजूंचे ग्राउंड बोर्डवर एका ट्रेसने जोडलेले होते! मग आयसोलेशन राहिलं कुठे? मागच्या वर्षीच्या मे महिन्यात, ते मॉड्यूल असताना, जवळच्या माडावर वीज पडली आणि दीडशे मीटर केबलमधून सर्ज, म्हणजे व्होल्टेजचा झटका, आत येऊन ईएसपी३२ गेला. त्यामुळे कुठलंही मॉड्यूल घेतलं तरी लावायच्या आधी मल्टिमीटरने दोन ग्राउंडमध्ये कंटिन्युइटी, म्हणजे सलग जोड आहे का, बघा, बीप आला तर ते आयसोलेटेड नाही, पाकिटावर काहीही छापलेलं असो.

रेझिस्टरचं गणितही बघा. ४.७ के घेतला तर ९ व्होल्टला दीड मिलिअँपच्या जरा वर आणि ५७ ला जवळपास १२, म्हणजे रेझिस्टरमध्ये ०.६६ वॉट, पाव वॉटचा असेल तर करपतोच. म्हणून रेझिस्टरच्या जागी दोन ट्रान्झिस्टरचा करंट लिमिटर केला. ऑप्टोच्या एलईडीखाली एमपीएसए४२ हा पहिला ट्रान्झिस्टर, त्याच्या एमिटरला २२० ओहम, त्यावर ०.६५ व्होल्ट पडले की दुसरा ट्रान्झिस्टर, माझ्याकडे बीसी५४७, पहिल्याचा बेस खाली खेचतो आणि करंट ३ मिलिअँपला थांबतो. बेसला ४७ के. व्होल्टेज ९ असो की ५७, एलईडीला तेवढंच मिळतं, आणि ५७ ला एमपीएसए४२ मध्ये उष्णता साधारण ०.१५ वॉट, बोट लावलं तरी कळत नाही. पहिल्या ट्रान्झिस्टरच्या जागी बीसी५४७ घेऊ नका, तो ४५ व्होल्टचाच, एमपीएसए४२ ३०० चा आहे.

एलईडीच्या आधी १एन४००७ डायोड, कोणी वायर उलटी लावली तर म्हणून, कारण पीसी८१७ ची एलईडी उलट ६ व्होल्टच सोसते. त्याच्यापुढे ५.१ चा झेनर, त्यामुळे ७-८ व्होल्टच्या खाली इनपुट चालूच होत नाही. पीएलसीच्या, म्हणजे कारखान्यातल्या कंट्रोलरच्या, आयईसी ६११३१-२ या मानकातही २४ व्होल्टच्या टाइप १ इनपुटला ५ च्या खाली ऑफ आणि १५ च्या वर ऑन असंच आहे, मधल्या भागाची खात्री नाही. माझ्याकडे १२ पण असल्याने उंबरठा खाली आणावा लागला.

आऊटपुटला १० के पुल-अप, म्हणजे सिग्नल नसताना पिन ३.३ ला धरून ठेवणारा रेझिस्टर, मग सिग्नल स्वच्छ करणारी ७४एचसी१४ चिप. पुल-अप बाहेरूनच द्या, ईएसपी३२ च्या ३४ ते ३९ पिनांना आतला पुल-अप नाहीच, माझी एक संध्याकाळ त्यात गेली.

आता पावसाळा. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात टाकी रिकामी असून 'भरली' दाखवू लागली, पंप सुरूच होईना. बाबा म्हणाले, "अरे, तुझं यंत्र बंद कर, मी आपला हाताने चालवतो." शोधलं तर पोफळींमधल्या जॉइंटमध्ये पाणी शिरून थोडासा करंट गळत होता, आणि चांगल्या सीटीआरच्या, म्हणजे थोड्या एलईडी करंटवर जास्त आऊटपुट करंट देणाऱ्या, पीसी८१७ ला तेवढाही पुरतो. मग एलईडीला समांतर २.२ के लावला. आता पहिला अर्धा मिलिअँप त्यातूनच जातो, एलईडी पेटतच नाही, आणि खऱ्या सिग्नलच्या ३ मधले अडीच तरीही उरतात. जॉइंटही नवीन केला, पण त्यानंतर पुन्हा चुकीचं रीडिंग आलं नाही, चवथीच्या दिवसांतल्या मुसळधार पावसातही नाही. हा एक रेझिस्टर मला सगळ्या डिझाइनपेक्षा मोलाचा वाटतो.

ऑक्टोबरच्या गडगडाटात फ्लोटचं चॅनल मेलं. उघडून पाहिलं तर इनपुटवरचा एसएमबीजे५८ए, म्हणजे सर्ज स्वतःवर घेणारा डायोड, शॉर्ट, त्याच्या आधीचा १०० ओहम काळा पडलेला, आणि ऑप्टोच्या पलीकडे सगळं शाबूत, ईएसपी३२ चालूच होता. दोन पार्ट बदलले, वीस मिनिटांत काम झालं.

तक्रारी आहेत. प्रत्येक चॅनलचं ग्राउंड वेगळं ठेवल्याने वायरी दुप्पट आणि टर्मिनल गच्च. एसी सिग्नल यात चालत नाही. वेगाच्या कामाला, म्हणजे फ्लो मीटरच्या वेगवान पल्सला, १० के पुल-अप आणि नॉइजसाठीचा १०० एनएफ कपॅसिटर यामुळे हा नको. आणि पहिल्या बोर्डवर ऑप्टोच्या दोन बाजूंच्या पायांमध्ये स्लॉट, म्हणजे बोर्डमधली फट, कापला नव्हता, पावसात तिथे हिरवट थर आला, ब्रशने साफ करून लॅकर मारलं. दुसरा बोर्ड आता बनवतोय, त्यात स्लॉट आहे, आणि पॅनलच्या केबल ग्लँडमध्ये सिलिकॉन भरणार, मुंग्यांनी आत घर केलं होतं.