भिंतीच्या आतून स्पीकरची वायर : पावसाळा आणि दिवाळी उलटल्यानंतरचा अनुभव

गेल्या उन्हाळ्यात पुण्यातल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलचे काम काढले होते. जुनी लादी उखडलेलीच होती, म्हणून ५.१ संचाच्या (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) सगळ्या वायरी त्याच वेळी भिंतीत आणि लादीखाली घेतल्या. त्यानंतर पावसाळा, गणपती आणि दिवाळी हे सारे या संचावर काढले असून, आता बरे-वाईट सांगता येईल इतका वापर झाला आहे. भिंतीत गाडली जाणारी खरी किमती वस्तू वायर नसून तिचा पाइप आहे, असे माझे मत झाले आहे. वायर उद्या बदलता येते. पाइपाचा मार्ग चुकला तर पुन्हा छिन्नी-हातोडा आणि रंगकाम आले.

मार्ग ठरवताना सर्वांत मोठी अडचण भिंतीच्या जाडीची असते. फ्लॅटमधल्या आतल्या भिंती बहुधा चार इंची, म्हणजे साधारण १०० मिलिमीटरच्या असतात. उभी झिरी, म्हणजे पाइपासाठी भिंतीत कोरलेली खाच, भिंतीच्या जाडीच्या एक-तृतीयांशापर्यंत आणि आडवी फक्त एक-षष्ठांशापर्यंत खोल असावी, असा बांधकामातला दंडक आहे. या हिशेबाने उभ्या झिरीला ३३ मिलिमीटर मिळतात आणि २० मिलिमीटरचा पाइप तीत आरामात बसतो; आडव्या झिरीला मात्र जेमतेम १६ मिलिमीटर मिळतात आणि पाइप प्लास्टरखाली नीट दडवायचा तर तेवढ्यात भागत नाही. वायरमनला अर्थातच सोफ्यामागच्या भिंतीत सरळ आडवी झिरी मारून मोकळे व्हायचे होते. आम्ही पाइप भिंतीतून उभा खाली आणला, लादीखालच्या भरावातून पलीकडे नेला आणि पुन्हा उभा वर चढवला. यात वायर काही मीटर जास्त लागली, पण भिंत कमकुवत झाली नाही. कॉलम आणि बीम यांना ग्राइंडर लावू द्यायचा नाही, हे तर कंत्राटदाराला पहिल्याच दिवशी बजावून ठेवावे.

वायरीच्या जाडीबद्दल दुकानात फार गूढ बोलले जाते. प्रत्यक्षात साधे गणित पुरते. तांब्याच्या २.५ चौरस मिलिमीटर वायरीचा रोध मीटरला सुमारे ०.००७ ओहम असतो. आमच्या मागच्या स्पीकरपर्यंत १४ मीटर अंतर आहे, म्हणजे जाऊन-येऊन २८ मीटर वायर आणि सुमारे ०.१९ ओहम रोध. स्पीकरच्या रोधाच्या पाच टक्क्यांपर्यंत वायरीचा रोध चालतो असे मानले, तर ८ ओहमच्या स्पीकरला ०.४ ओहमची मुभा आहे. तेव्हा १.५ चौरस मिलिमीटरनेही काम भागले असते. पण भिंतीत जाणारी गोष्ट म्हणून एक पायरी वरची घेतली. याहून महाग वायर घेण्याचे कारण मला तरी आजवर ऐकू आलेले नाही.

जाडीपेक्षा धातू तपासणे महत्त्वाचे आहे. शुद्ध तांबे म्हणून आम्हाला दाखवलेले एक भेंडोळे हातात संशय यावा इतके हलके लागले. एक तार ब्लेडने खरवडल्यावर आतून पांढरे ॲल्युमिनियम दिसले. वर तांब्याचा नुसता मुलामा होता. अशा वायरीचा रोध तांब्याच्या जवळजवळ दीडपट असतो, शिवाय ती टर्मिनलपाशी वाकवताना लवकर तुटते. ते भेंडोळे परत केले.

साधी घरगुती हाउस वायरच वापरा, असाही सल्ला मिळतो. विजेच्या दृष्टीने त्यात काही वावगे नाही, परंतु लाल-काळ्या रंगाची ती वायर उद्या दुसऱ्या वायरमनला २३० व्होल्टची वाटेल आणि त्यातून अनर्थ ओढवू शकेल. काही घरांत स्पीकरसाठी भिंतीवर साधे दोन पिनांचे सॉकेट बसवलेले मी पाहिले आहे, ते तर सरळ धोकादायक आहे. स्पीकरची वेगळी प्लेट घ्यावी, पाइप विजेच्या पाइपापासून साधारण फूटभर दूर ठेवावा आणि दोन्ही एकमेकांना छेदणारच असतील तर काटकोनात छेदावेत. विजेच्या पाइपातच स्पीकरची वायर कोंबणे मुळीच मान्य करू नये.

प्लास्टर होण्यापूर्वी प्रत्येक वायरीची मल्टिमीटरवर तपासणी केली आणि नंतर स्पीकर जोडून १.५ व्होल्टचा साधा सेल दुसऱ्या टोकाला क्षणभर टेकवला. बारीक ‘टक्’ आवाज होऊन स्पीकरचा पडदा बाहेर ढकलला गेला, तर धन-ऋण टोके बरोबर आहेत. आत ओढला गेला, तर उलटी आहेत. एका स्पीकरचीही टोके उलटी राहिली की खर्ज पातळ होतो आणि दोष कुठे आहे ते कळत नाही. सेल टेकवताना ॲम्प्लिफायर मात्र जोडलेला नसावा.

वापरात आल्यावर पहिली तक्रार सबवूफरमधून येणाऱ्या सततच्या घुमण्याची होती. सगळ्यांचा संशय भिंतीतल्या वायरीवर गेला, पण सेट-टॉप बॉक्सची केबल काढताच आवाज थांबला. दोन ठिकाणच्या अर्थिंगमुळे होणारा हा त्रास होता आणि केबलवर अर्थिंगचा हा दुवा तोडणारा आयसोलेटर लावल्यावर तो मिटला. पावसाळ्यात एका प्लेटमागून मुंग्यांची रांग बाहेर पडू लागली, तेव्हा पाइपांची तोंडे पुट्टीने बंद केली. पुढे वायर ओढण्यासाठी पाइपात सोडलेली दोरी बाहेर काढता येईल एवढीच फट ठेवली आहे. झिरीवर जिथे जाळी मारली होती तिथले प्लास्टर जसेच्या तसे आहे. दरवाजाजवळ गवंड्याने जाळी टाळली होती, तिथे केसाएवढी भेग उमटली आहे. गणपतीच्या मखरासाठी खिळे ठोकताना झिरीचे फोटो कामी आले. प्लास्टरपूर्वी टेप धरून फोटो काढून ठेवले नसते, तर खिळा थेट पाइपातच गेला असता.

या दोरीचे सांगायचे राहिले. प्रत्येक पाइपात वायरीबरोबर एक नायलॉनची दोरी सोडून ठेवली होती आणि वळणांना काटकोनी एल्बोऐवजी लांब बेंड वापरले होते. दिवाळीत सबवूफर दुसऱ्या कोपऱ्यात नेण्यासाठी जास्त लांबीची केबल ओढावी लागली, तेव्हा ती भिंतीला हात न लावता थोड्याच वेळात पाइपातून पार झाली.

या व्यवस्थेची खरी मर्यादा म्हणजे मांडणी गोठते. मागचे स्पीकर बसणाऱ्याच्या बाजूला, किंचित मागे, ११० ते १२० अंशांवर असावे लागतात. सोफा तीन फूट सरकवला तरी हा कोन बिघडतो आणि प्लेटा जिथल्या तिथेच राहतात. वायरलेस स्पीकरांनी हा प्रश्न निम्माच सुटतो, कारण त्यांनाही विजेचा पॉइंट लागतोच. म्हणून ज्यांची लादी किंवा प्लास्टर निघणारच आहे, त्यांनी हे काम जरूर करून घ्यावे. भाड्याच्या घरात किंवा नुकताच रंग दिलेल्या घरात मात्र स्कर्टिंगलगतची, वायर झाकणारी केसिंग-पट्टी बरी; ती दिसते खरी, पण मजुरी आणि रंगाचा खर्च पाहता तेवढे दिसणे परवडते.