म्युनिकहून दोन दिवस: आधी प्राग की आधी व्हिएन्ना?

उन्हाळ्यात तीन महिन्यांच्या प्रोजेक्टवर किंवा इंटर्नशिपवर म्युनिकला आलेल्या माणसाच्या हाती जेमतेम डझनभर शनिवार-रविवार लागतात. त्यातले काही घर लावण्यात, काही पावसात आणि एखाद-दुसरा ऑफिसच्या कामात जातो. उरलेल्यांपैकी पहिला मोठा वीकेंड कुठे घालवायचा, यावर प्रत्येक ग्रुपमध्ये वाद होतो आणि शेवटी दोनच नावं उरतात. मी दोन्ही शहरांत मनापासून रमले आहे, तरी सल्ला देताना गुळमुळीत बोलणार नाही. जून हातात असेल तर आधी व्हिएन्ना. जुलै-ऑगस्टमध्येच आला असाल तर आधी प्राग.

पहिलं कारण ऑपेरा. व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेराचा हंगाम सप्टेंबर ते जून असतो, जुलै-ऑगस्टमध्ये पडदा उघडतच नाही. तिथे उभं राहून पाहायची तिकिटं बसायच्या तिकिटांच्या मानाने किरकोळ किमतीत मिळतात. जागा मिळाली की लोक समोरच्या कठड्याला स्कार्फ किंवा रुमाल बांधून ठेवतात आणि निर्धास्त पाणी प्यायला जातात. त्या गाठीला कोणी हात लावत नाही. संगीत नाटकांवर वाढलेल्या घरातल्या माणसाला तरी ही संधी चुकली तर हळहळ वाटेल. जुलै-ऑगस्टमध्ये त्याऐवजी रातहाउससमोरच्या (नगरभवनासमोरच्या) चौकात मोठ्या पडद्यावर ऑपेरा आणि मैफली फुकट दाखवतात. मजा येते, पण प्रत्यक्ष गळ्यातून आलेल्या सुराची सर त्याला नाही.

दुसरं कारण प्रागच्या पहाटेचं. चार्ल्स ब्रिज भर दुपारी पाहिलात तर सेल्फी स्टिक आणि पाठीवरच्या सॅकच दिसतील. हा पूल सूर्योदयालाच पाहावा. जूनमध्ये सूर्य पाचच्या आधीच वर येतो, ऑगस्टच्या अखेरीस सहाच्या सुमारास. आठवडाभर काम करून थकलेल्या शरीराला हा एक तास फार मोठा असतो. चौथ्या चार्ल्स राजाने 1357 मध्ये पाया घातलेला हा पूल अर्धा किलोमीटरहून थोडा लांब आहे आणि त्यावर संतांचे 30 पुतळे आहेत, बहुतेक आता प्रतिकृती. सेंट जॉन ऑफ नेपोमुकच्या पुतळ्याखालच्या दोन ब्राँझच्या पाट्या शोधा. लोकांनी हात लावून लावून त्यांचे काही भाग सोन्यासारखे लखलखीत केलेत आणि बाकीचा भाग काळा पडला आहे. आपल्याकडे देवळाच्या उंबऱ्याचा दगड पावलांनी झिजतो, तसंच. खाली व्ल्तावा वाहत असते, वर टेकडीवर किल्ला हळूहळू उजळतो आणि पुलावर झाडूवाल्याशिवाय फारसं कोणी नसतं.

प्राग बाहेरून दिसतं, व्हिएन्ना आत शिरल्यावर कळतं, हा माझ्या मते या दोन शहरांतला खरा फरक आहे. प्रागला तिकीट न काढता दोन दिवस नुसतं चालत राहिलात तरी पोट भरतं: जुना चौक, 1410 मधलं खगोलीय घड्याळ, पेत्रीनची टेकडी, लेतनाच्या बागेतून दिसणारे पूल. व्हिएन्नात नुसते रुंद रस्ते चाललात तर भव्य पण कोरड्या सरकारी इमारती पाहिल्यासारखं वाटेल. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम या कलासंग्रहालयात पाऊल टाका, मग चित्र पालटतं. ब्रॉयगल या चित्रकाराची जगातली सगळ्यात जास्त चित्रं एका छताखाली इथे आहेत. बाहेर 35 अंशांचं ऊन असताना 1565 मधल्या त्याच्या ‘बर्फातले शिकारी’ या चित्रासमोर बाकावर बसा. आधी दमलेली कुत्री दिसतात, मग खाली गोठलेल्या तळ्यावर खेळणारी मुंगीएवढी माणसं, मग डावीकडे खाणावळीसमोर पेटवलेला जाळ. अर्धा तास कसा गेला कळत नाही. म्हणूनच हवामानाच्या अंदाजात दोन्ही दिवस पाऊस किंवा उष्णतेची लाट असेल तर वर सांगितलेलं सगळं विसरा आणि व्हिएन्ना गाठा.

आता प्रवास. नकाशावर प्राग जवळ आहे, रेल्वेने मात्र लांब. व्हिएन्नाला रेलजेट ही थेट वेगवान गाडी साधारण चार तासांत पोचवते. प्रागच्या थेट गाडीला सहा तासांच्या आसपास लागतात, कारण रेगेन्सबुर्गच्या पुढे सीमेपर्यंत अजून विजेच्या तारा नाहीत आणि गाडी डिझेल इंजिनावर चालते. रस्ता चांगला आहे, त्यामुळे बस बहुधा रेल्वेच्या आधी पोचते. शुक्रवारी पाचच्या सुमारास निघालात तर व्हिएन्नात रात्री दहाच्या आसपास टेकता आणि तिथली मेट्रो शुक्रवार-शनिवारी रात्रभर चालू असते. तुमच्याकडे डॉइचलांड-टिकेट (जर्मनीभर प्रादेशिक गाड्यांना चालणारा मासिक पास) असेल तर ते रेलजेटला चालत नाही. प्रागच्या बाजूला प्रादेशिक गाडीने ते चेक सीमेपर्यंत उपयोगी पडतं, पुढचं तिकीट वेगळं काढायचं. दोन्हीकडून परतताना जर्मन पोलीस गाडीत कागद तपासतात. शेंगेन आहे म्हणून पासपोर्ट खोलीवर ठेवून जाऊ नका, फोटोकॉपीवर भागत नाही.

खर्चात प्राग स्वस्त, राहणं आणि खाणं दोन्ही. पण तिथे युरो नाही, चेक कोरुना आहे, ढोबळमानाने एका युरोला 25. जुन्या चौकाभोवती पैसे बदलू नका. एटीएमने ‘युरोत आकारू का?’ असं विचारलं तर नाही म्हणा आणि कोरुनाच निवडा, नाहीतर स्वस्त शहराचा फायदा तिथेच संपतो. बदलून देणाऱ्याने भलताच दर लावला तर पावती घेऊन तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करून मागता येतो, तसा कायदाच आहे.

वीकेंडवाल्यांचा खरा घात सुट्टीच्या दिवसांत असतो. प्रागच्या यहुदी म्युझियमची स्थळं शनिवारी बंद. किल्ल्यातलं सेंट व्हिटस कॅथीड्रल रविवारी प्रार्थनेमुळे दुपारी उघडतं. तेव्हा शनिवारी किल्ला, रविवारी योसेफॉव, म्हणजे जुनी यहुदी वस्ती. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या 77 हजारांहून अधिक यहुद्यांची नावं हाताने लिहिली आहेत आणि वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या छावणीतल्या मुलांची चित्रं आहेत. तिथे जाताना वेळ हातात ठेवा, पुढची बस गाठायची घाई नको. व्हिएन्नात उलट गणित: नाशमार्क्टचा जुन्या वस्तूंचा बाजार शनिवारी भरतो आणि रविवारी सगळं सामसूम, किराणाची दुकानंही बंद. म्हणून शनिवारी बाजार आणि खरेदी, रविवारी म्युझियम.

शाकाहारी माणसाला व्हिएन्ना सोपं. नाशमार्क्टवर फलाफल, हुमुस मिळतं, आणि गोडाचं म्हणाल तर कैसरश्मार्न हा तुकडे केलेला गोड पॅनकेक एका माणसाचं जेवण होतो (अंडं असतं, चालत नसेल तर आधी बघा). कॉफीहाउसमध्ये कॉफीबरोबर पाण्याचा पेला येतो, आणि एका कपावर कितीही वेळ बसलात तरी कोणी उठवत नाही. नळाचं पाणी आल्प्सच्या झऱ्यांचं, बाटली भरून घ्या. प्रागच्या खाणावळीत तळलेलं चीज आणि ब्रांबोराक (बटाट्याची धिरडी) यावर भिस्त ठेवावी लागते. प्रत्येक कोपऱ्यावर विकायला असलेलं त्र्देल्निक (नळीसारखा गोड पाव) मात्र टाळलं तरी चालेल, ते प्रागचं जुनं खाणं नाही.

दोन्हींपैकी काहीच जमत नसेल, रविवारीच मोकळे असाल, तर साल्झबुर्ग. डॉइचलांड-टिकेटवर प्रादेशिक गाडीने दोन तासांच्या आत पोचता आणि रात्री जेवायला घरी. फक्त जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टभर संगीत महोत्सव असतो, तेव्हा तिथे मुक्कामाचा विचार करू नका.

आई-बाबा भेटीला येणार असतील तर माझं उत्तर महिना कुठलाही असो, व्हिएन्नाच. सपाट रस्ते, दारापाशी ट्राम, शोनब्रुनच्या बागेत फुकट फिरायला आणि टेकायला बाक. प्रागच्या गोट्यांच्या रस्त्यांवर गुडघे बोलू लागतात. तरी त्यांना प्रागच पाहायचं असेल तर खालून किल्ला चढवू नका. 22 नंबरची ट्राम धरून पोहोर्झेलेत्सला उतरा आणि किल्ल्यातून रमतगमत खाली नदीकडे या, सगळी वाट उताराची आहे.